मंगळवारी संध्याकाळी कोण येणार?

आमराई बागेतल्या आमच्या कट्ट्यावर तीन आठवडे बर्फावरून भांडण चाललंय. मार्च संपत आलाय, दुपारी डांबराला चप्पल चिकटतेय, आणि सांगलीतली पाच निवृत्त माणसं बर्फावरून एकमेकांवर आवाज चढवतायत. कारण बापू. त्यांचा धाकटा कॅनडात एडमंटनला असतो. त्यानं तिथल्या आइस हॉकीच्या सामन्याचा व्हिडिओ पाठवला. बाहेर उणे वीस, आत नारंगी-निळे सदरे घातलेली अठराएक हजार माणसं, मधोमध आरशासारखा बर्फ, आणि काचेवर आपटणारे खेळाडू. २०१६ साली उघडलेलं रॉजर्स प्लेस ते हेच. व्हिडिओ संपायच्या आत बापू म्हणाले, "असलं एक आपल्याकडं पायजे ओ. बर्फ नको, पण एवढं मोठं. पंधरा हजार खुर्च्या, वर छप्पर, आत एसी. कबड्डी घ्या, कुस्ती घ्या, काय पायजे ते घ्या. सारखं कोल्हापूरला नायतर पुण्याला पळायला लागतंय."

लगेच दोन तट पडले. एक तट खुर्च्या मोजायला लागला. पंधरा का, वीस करा, पश्चिम महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं करा. दुसऱ्या तटानं रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा विषय काढला. शेरीनाल्याचं सांडपाणी अजून कृष्णेत जातंय आणि तुम्हाला एसीत बसून कबड्डी बघायचीय? हे भांडण आता कट्ट्यावरून तीन-चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलंय आणि तिथंही तसंच चाललंय. दोन्ही तट इमारतीबद्दल बोलतात. एक म्हणतो बांधा, दुसरा म्हणतो बांधू नका. आत जी माणसं बसायची आहेत त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सांगलीला बंदिस्त क्रीडागृह हवं आहे. पण ते आज तीन हजार खुर्च्यांचं असावं, गावात असावं, आणि पहिली कुदळ पडण्याआधी वर्षभराच्या कोणत्या संध्याकाळी तिथं कोण खेळणार याचं वेळापत्रक छापून हातात असावं. एडमंटनचा व्हिडिओ बापू त्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवतात. मी तो चार वेळा पाहिला. तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

आपण स्टेडियम म्हटलं की डोळ्यांपुढे अंतिम सामना आणतो. पाहुणे, फेटे, तोफा, ढोल. वर्षातला एक दिवस. एडमंटनचा संघ आइस हॉकीच्या ज्या बड्या लीगमध्ये, एनएचएलमध्ये, खेळतो तिथं मात्र प्रत्येक संघ एका हंगामात ८२ सामने खेळत आला आहे, त्यातले ४१ घरच्या मैदानावर. एक्केचाळीस संध्याकाळी, आणि त्यातल्या कितीतरी साध्या मंगळवार-बुधवारच्या. ऑफिसातून दमून आलेला माणूस, उद्या पोरांची शाळा, बाहेर बर्फाचं वादळ, तरी तो येतो. का येतो? स्टेडियम देखणं आहे म्हणून एकदा येईल, दोनदा येईल. एक्केचाळिसाव्या वेळी इमारत बघायला कुणी येत नाही. एडमंटनमध्ये वस्तीवस्तीतल्या रहिवाशांची मंडळं आहेत, कम्युनिटी लीग म्हणतात त्यांना. शंभर वर्षांहून जुनी रीत, आज दीडशेच्या वर मंडळं. थंडी पडली की त्यांचे स्वयंसेवक मोकळ्या जागेवर पाण्याचा पाइप धरून थरावर थर बर्फ धरवतात आणि वस्तीतली पोरं त्यावर आपटतात, उठतात, पुन्हा आपटतात. त्या अठरा हजारांतल्या कित्येकांच्या गुडघ्यावर तसल्या बर्फाची खूण असणार. म्हणजे त्या झगमगाटाच्या खाली दीडशे तालमी आहेत. बापूंच्या व्हिडिओत त्या दिसत नाहीत, कारण त्यांचा व्हिडिओ कोण काढणार?

खड्डेवाल्यांना फार वेळ देत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला याच सांगलीत विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाखाली 'सीतास्वयंवर' नाटक केलं. तेव्हा गावात गटारं होती का? कृष्णेवर पूलसुद्धा नव्हता, आयर्विन पूल १९२९ चा. सगळे रस्ते झाल्यावर मगच नाटक असं कुणी म्हटलं असतं तर आपण आज नाट्यपंढरी म्हणून मिरवलो नसतो. खड्डा बुजवायचा पैसा वेगळा, क्रीडागृहाचा वेगळा, आणि खड्डा न बुजवण्याची कारणं तर तिसरीच असतात. पण तीच १८४३ ची गोष्ट पहिल्या तटालाही अडचणीची आहे. 'सीतास्वयंवर' झालं तेव्हा नाट्यगृह नव्हतंच. संस्थानिकांचा वाडा होता. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय तुटला, भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर सांगलीत उभं राहिलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, प्रेक्षकांच्या तीन-चार पिढ्या तयार झाल्यावर.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मीच मांडतो, कारण कट्ट्यावर तो कुणाला सुचला नाही. शाहू महाराज. १९०२ साली महाराज युरोपात गेले, रोमचं कलोझियम पाहिलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. मध्ये मातीचा हौद, भोवती गोल चढत जाणारी बैठक, कुठंही बसा, पुढच्याचं मुंडासं आड येत नाही. तीसेक हजार माणूस बसेल एवढं मैदान. आणि तेव्हाचं कोल्हापूर केवढं? १९०१ च्या खानेसुमारीत ५४ हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त गाव एका वेळी बसेल एवढी जागा त्या माणसानं केली! २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची वस्ती ५ लाखांवर आहे. खासबागेचं प्रमाण लावलं तर आपल्याला अडीच लाख खुर्च्या मागाव्या लागतील. बापू पंधरा हजारांवर थांबले हा त्यांचा संयम म्हणायचा. थोर माणसं आजच्या गर्दीच्या मापानं बांधत नाहीत, असं कुणी मला म्हटलं तर खासबागेसमोर उभं राहून मी काय उत्तर देणार?

उत्तर आहे, आणि ते खासबागेतच आहे. महाराज १८९४ ला गादीवर आले. मैदान १९१२ चं. मधली अठरा वर्षं त्यांनी काय केलं? तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, पंजाबकडचे नामांकित पैलवान आणून आपल्या पोरांशी भिडवले. कोल्हापुरात आजही मोतीबाग, गंगावेस अशी तालमींची नावं माणसं घराच्या पत्त्यासारखी सांगतात. आणि प्रेक्षक? तो तर महाराजांनाही तयार करावा लागला नाही. गावोगावच्या जत्रांच्या फडांनी तो शेकडो वर्षं घडवलेला होता. वारणा, पंचगंगा, कृष्णेच्या काठचा माणूस भाकरी बांधून, बैलगाडी जुंपून कुस्ती बघायला जायचा. तीस हजार माणसं उभीच होती, महाराजांनी त्यांना बसायला जागा केली. आपल्या पंधरा हजार खुर्च्यांसाठी अशी उभी राहिलेली माणसं कुठं आहेत?

आहेत. पण आपण जिथं मोजत नाही तिथं आहेत. मागच्या जत्रेच्या हंगामात मी वारणाकाठच्या एका गावी फडाला गेलो होतो. चार वाजता नांगरलेल्या वावरात माती भिजवून तयार, कडेला हलगी आणि घुमकं. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. लंगोट सावरत आलेली दुसरी-तिसरीतली पोरं, एकमेकांना आधी घाबरत आणि मग अचानक न घाबरत. एकानं दुसऱ्याला पाडलं, पंचांनी हात वर केला, पोरगं फडाभोवती गोल फिरलं आणि लोकांनी त्याच्या मुठीत दहा-दहाच्या नोटा कोंबल्या. ते पोरगं नोटा मोजत नव्हतं, गर्दीत कुणाला तरी शोधत होतं. माझ्या शेजारी एक आजोबा उसाच्या ट्रॉलीच्या चाकावर बसले होते. वरच्या जोडीत एकानं पट काढला तर आजोबा न बघताच म्हणाले, "आता ह्यो घिस्सा मारतंय बघा." आणि त्यानं घिस्सा मारला. खुर्ची नाही, तिकीट नाही, छप्पर नाही. शेवटची निकाली कुस्ती अंधार पडता पडता लागली तेव्हा झाडावर माणसं होती. हिंदकेसरी मारुती मानेंचं कवठेपिरान इथून हाकेच्या अंतरावर. या भागातल्या माणसाला ढाक आणि एकलंगी या डावांतला फरक सांगावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे उद्या कुठल्या गावचं मैदान, परवा कुठल्या, हे पैलवानाला आणि बघणाऱ्याला तोंडपाठ असतं. स्टेडियमवाले ज्याला इव्हेंट कॅलेंडर म्हणतात ते आपल्या जत्रांनी कधीच बांधून ठेवलंय, वर्गणीवर.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं; आज माणसाला सोय दिली की सवय लागते, आधी मोठं बांधा, गर्दी आपोआप येईल. याला उदाहरण हवं तर तेही आइस हॉकीतलंच देतो, आणि तेही मँचेस्टरचं. आपल्या इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो तेव्हा खऱ्या मँचेस्टरची ही गोष्ट या भागातल्या माणसाला माहीत असायला हरकत नाही. २००० च्या ऑलिम्पिकसाठी मँचेस्टरनं दावा लावला होता. यजमानपद सिडनीला गेलं, पण त्या दाव्यातलं बंदिस्त स्टेडियम उभं राहिलं. १९९५ मध्ये उघडलं, व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशनाला चिकटून. शहरात आइस हॉकीचं फारसं वेड नसताना मँचेस्टर स्टॉर्म नावाचा नवा संघ काढून तिथं बसवला. आणि गर्दी आली! फेब्रुवारी १९९७ मध्ये शेफिल्डच्या संघाविरुद्धच्या सामन्याला १७,२४५ माणसं. तेव्हा युरोपात छपराखालच्या आइस हॉकीला एवढी गर्दी कधी जमली नव्हती. बांधलं, आले. बापूंचा विजय.

पण त्या गोष्टीला पुढचं पान आहे. नव्याची नवलाई ओसरली. गर्दी घटत गेली, एवढ्या मोठ्या जागेचा खर्च उरावर राहिला, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये ऐन हंगामात संघ बंद पडला. विक्रमी गर्दीनंतर सहा वर्षंही झाली नाहीत. आणि मला खरी टोचणी लागते ती पुढची. इमारत बुडाली नाही. ती गाण्याच्या कार्यक्रमांवर उत्तम चालली, आजही चालते. खेळ बुडाला. हे सांगलीत कसं दिसेल, डोळे मिटून बघा. पंधरा हजारांचं क्रीडागृह पहिल्या वर्षी एका मोठ्या कबड्डी स्पर्धेनं गाजेल. दुसऱ्या वर्षी वीजबिल येईल. तिसऱ्या वर्षी साडी महोत्सव, फर्निचरचं प्रदर्शन-विक्री, कुणाची तरी जाहीर सभा, लग्नाचं रिसेप्शन. आणि कबड्डीच्या पोरींना सांगतील, मॅट पुढच्या महिन्यात मिळेल, सध्या हॉल बुक आहे. खेळासाठी बांधलेल्या घरातून खेळालाच भाडं परवडत नाही म्हणून बाहेर काढायचं.

त्याच देशात नॉटिंगहॅमची गोष्ट उलटी आहे. १९३९ सालापासून तिथं बर्फाचं छोटं स्टेडियम होतं. जुनं, अरुंद, पण साठ वर्षं माणसं तिथं येत राहिली. टॉरव्हिल आणि डीन ही बर्फावर नाचणारी ऑलिम्पिक विजेती जोडीही त्याच गावची. त्या साठ वर्षांनंतर, २००० साली, शहरानं जवळच नवं मोठं स्टेडियम बांधलं, आणि नॉटिंगहॅम पँथर्स आजही तिथं खेळतात. नवी इमारत बांधताना त्यांना प्रेक्षक शोधायचा नव्हता, त्याला फक्त रस्त्यापलीकडे न्यायचा होता. आणि मँचेस्टरसमोर त्या विक्रमी रात्री उभे असलेले शेफिल्डवाले? तेही नव्यानंच १९९१ ला सुरू झाले होते, त्यांच्यावरही दिवाळं काढायची वेळ येऊन गेली, पण ते टिकले. त्यांचं घर मँचेस्टरच्या जवळपास निम्म्या आकाराचं. मी असं म्हणत नाही की आकार हेच एकमेव कारण. पण आठशे माणसं हजाराच्या हॉलमध्ये बसली की आवाज छपराला लागतो, आणि तीच आठशे पंधरा हजारांत बसली की प्रत्येकाला वाटतं आपण चुकीच्या तारखेला आलो. पुढच्या वेळी तो येत नाही. रिकामी खुर्ची नुसती रिकामी राहत नाही, शेजारच्यालाही उठवते.

जागेचाही प्रश्न आहे, आणि इथं तर दोन्ही तट गप्प. एवढं मोठं बांधायचं म्हटलं की गावात जागा मिळत नाही, मग बायपासला, नाहीतर दहा किलोमीटर लांब माळावर. अमेरिकेत फिनिक्सच्या आइस हॉकी संघाचं हेच झालं. महानगराच्या पश्चिम टोकाला ग्लेनडेल नावाचं उपनगर. तिथल्या पालिकेनं मोठा सार्वजनिक पैसा घालून सतरा हजारांचं स्टेडियम बांधलं, २००३ च्या डिसेंबरात उघडलं. पण तिकीट काढणारा मोठा वर्ग पूर्वेकडे राहायचा. संध्याकाळच्या गर्दीत तासभर गाडी हाकून कोण जाणार? संघानं २००९ मध्ये दिवाळं काढलं, पुढं वर्षानुवर्षं ग्लेनडेलशी कुरबुरी, आणि २०२२ मध्ये तो तिथून उठून एका विद्यापीठाच्या पाच हजारांहून लहान स्टेडियममध्ये गेला. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत आइस हॉकी लीगचा संघ, कॉलेजच्या मैदानात! लोक हसले. आणि २०२४ ला खेळाडूंसकट सगळा बाडबिस्तरा दुसऱ्या राज्यात, सॉल्ट लेक सिटीला गेला. आता आपल्याकडचं बघा. आटपाडीहून आलेल्या पोराला रात्री परतीची एसटी कितीला आहे हे माहीत नसताना आपण खुर्च्यांचा रंग ठरवायला बसलोय.

बर्फाच्या स्टेडियमची एक गोष्ट मला सांगलीकर म्हणून फार जवळची वाटते. तो बर्फ जेमतेम इंचभर जाडीचा असतो. खाली काँक्रीट, काँक्रीटमध्ये मैलोन्‌मैल पाइप, पाइपातून शून्याच्या खाली गार केलेलं मिठाचं पाणी नाहीतर ग्लायकॉल फिरत असतं. सामना असो नसो, यंत्र चालूच. गाण्याचा कार्यक्रम असेल तर बर्फावर फळ्यांची जमीन अंथरतात, खाली बर्फ तसाच. हे वाचून आपल्याला काय आठवतं? तासगाव रस्त्यावरचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज. तेच कॉम्प्रेसर, तीच चोवीस तासांची घरघर. माझ्या ओळखीचे एक अण्णा आहेत, तीस वर्षं या धंद्यात. त्यांना विचारलं, "अण्णा, सुरुवातीलाच मोठं का नाही बांधलं?" ते म्हणाले, "आधी पेट्या मोजायच्या, मग चेंबर बांधायचं. पहिल्या साली एकच चेंबर होतं. पंधरा किलोची पेटी आत येवो न येवो, विजेचा डिमांड चार्ज भरायलाच लागतोय." आज त्यांची पाच चेंबर आहेत, एकाला एक लावून वाढवलेली. जागा मात्र त्यांनी पहिल्या दिवशीच पाचांची घेऊन ठेवली होती. अण्णांना स्टेडियममध्ये काडीचा रस नाही, पण या वादात शहाणपणाचं बोललेला मला भेटलेला तो एकच माणूस.

पेट्या न मोजता चेंबर बांधल्याचं उदाहरण आपल्या देशातही आहे, आणि तेही बर्फाचंच. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यासाठी डेहराडूनला बंदिस्त आइस रिंक बांधलं, आंतरराष्ट्रीय मापाचं. स्पर्धा संपल्या. रिंक दहा वर्षांहून जास्त काळ बंद राहिलं, पार २०२५ मध्ये डागडुजी करून पुन्हा सुरू झालं. या मधल्या काळात भारताचे आइस हॉकी खेळाडू कुठं खेळत होते? लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर, हिवाळ्याचे मोजके आठवडे. त्यातल्याच मुलींच्या संघानं २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. इमारत एकीकडे, खेळ दुसरीकडे, आणि मधे अख्खा हिमाचल प्रदेश.

मग मोठं बांधूच नका, फडावरच बसा, असं माझं म्हणणं आहे का? तसं म्हणायचा मोह होतो. पण इथं मला माझ्या भाचीनं गप्प केलं. मी तिच्यापुढं वारणाकाठच्या फडाचं असंच रंगवून वर्णन करत होतो, तर तिनं विचारलं, "मामा, तिथं बायका किती होत्या?" मी आठवायला लागलो. पाटलाच्या माडीवर चार. तेवढ्याच. भाची कबड्डी खेळते. तिच्या संघाची एक स्पर्धा बघायला मी बाहेरगावी गेलो होतो, मोठ्या क्रीडासंकुलात. गॅलरी प्रचंड, आम्ही नातेवाईक मिळून साठ. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ लग्नाला जतला गेलेले. सतरा-अठरा वर्षांच्या पोरी दिवसभर पाणी न पिता खेळल्या. म्हणून मी छप्पर मागतो, दिवे मागतो, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह मागतो, बाईमाणसाला निर्धास्त बसता येईल अशी क्रमांकाची खुर्ची मागतो. फडाच्या प्रेमात पडून हे विसरणं हा पुरुषी सोयीचा भाग आहे, हे मला कबूल. स्मृती मानधना ज्या गावात वाढली त्या गावात मुलींचा खेळ बघायला बायकांना नीट जागा नसावी, हे काही बरं दिसत नाही. पण या मागणीत पंधरा हजार कुठं आले? तीन हजार खुर्च्यांत हे सगळं बसतं.

कट्ट्यावरच्या सरांनी परवा नवा मुद्दा काढला, आणि तो खरोखर चांगला आहे. "तुम्ही गर्दी-गर्दी करताय, पण ही आमराई नफ्यात चालते का? वाचनालय नफ्यात चालतं का? सार्वजनिक गोष्टीला धंद्याचा हिशेब लावू नका." बरोबर आहे. मी नफा मागतच नाही. तीन हजारांचं क्रीडागृह तोट्यात चालणार हे मी आजच लिहून देतो, आणि तो तोटा महापालिकेनं सोसावा असंही म्हणतो. पण आमराईला आपण का सोसतो? पहाटे साडेपाचला इथं माणूस असतो म्हणून. सर स्वतः असतात. आमराईत उद्यापासून वर्षातून फक्त चार दिवस प्रवेश असं ठरलं तर सर सगळ्यात आधी मोर्चा काढतील. क्रीडागृहाला मी तोच हिशेब लावतो, रुपयांचा नव्हे, दिवसांचा. सोमवारी शाळांची खो-खो, मंगळवारी मुलींची कबड्डी, बुधवारी मॅटवरची कुस्ती, शनिवारी तालुक्या-तालुक्यांची लीग, मिरज विरुद्ध तासगाव, वाळवा विरुद्ध पलूस. हरलेल्याला पुढच्या महिन्यात फेडायची संधी. पान आणि चहाची टपरी चालवणाऱ्या सांगलीच्या घरातला संकेत सरगर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला वेटलिफ्टिंगचं रौप्य घेऊन आला. असा पोरगा मंगळवारी इथं सरावाला असेल तर त्याला बघायला मी तिकीट काढीन. दोन वर्षं तीन हजार खुर्च्या भरत राहिल्या, बाहेर माणसं उभी राहायला लागली, की दुसरं चेंबर बांधा. जागा पाचांची घ्या. नकाशात भिंत अशी ठेवा की एका बाजूनं काढता येईल.

बापूंना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, "तुमचं म्हणजे पोराला पोहायला आल्यावर विहीर खणायची." मी म्हटलं, विहिरीचं आपल्याला काय सांगता, कृष्णा शेजारी आहे, पोरं पोहतातच की. यावर सगळे हसले आणि वाद तिथंच लोंबकळला.

काल मी भडंगाचा पुडा संपल्यावर त्याच कागदाचे सहा तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातात एक दिला. म्हटलं, खुर्च्या किती हे सोडा. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता, स्वतःच्या खिशातून पन्नास रुपये देऊन तुम्ही काय बघायला घराबाहेर पडाल, ते लिहा. बापूंनी बराच वेळ पेन चावलं आणि "कुस्ती" लिहिलं, मग खाडाखोड करून "मोठी कुस्ती" केलं. सरांनी "नाटक" लिहिलं, खेळात धरा म्हणाले. दोन तुकडे कोरे आले. पाचवा माझा. सहावा तुकडा बापूंच्या मिसेसचा. त्या रोज फेरी मारून कट्ट्याच्या टोकाला बसतात आणि तीन आठवड्यांत या वादात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं: "मुलींची कबड्डी. सुनेला घेऊन येईन. पण साडेआठला सुटली पाहिजे, आणि रिक्षा मिळाली पाहिजे."